सेफ्टी पिनांची मोटर काल फिरली, आज का फिरत नाही?

एक मोठा सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापलेली रबराची पट्टी, एक चुंबक आणि मीटरभर इनॅमलची, म्हणजे वीज अडवणारा पातळ थर चढवलेली, तांब्याची तार. एवढ्यात विजेवर फिरणारी मोटर होते. पट्टीने दोन पिना सेलच्या दोन टोकांना घट्ट आवळायच्या, पिनांची शेपटीकडची गोल भोकं वर ठेवायची, त्या भोकांत तारेच्या वेटोळ्याची, म्हणजे कॉइलची, दोन टोकं इनॅमल खरवडून ओवायची आणि कॉइलच्या बरोबर खाली सेलवर चुंबक बसवायचं. अरविंद गुप्ता यांनी पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंपासून जी खेळणी करून दाखवली त्यांत ही मोटर आहे, आणि आता ती इतक्या शाळांत पोचली आहे की विज्ञान प्रदर्शनात एखाद्या टेबलावर ती दिसतेच.

दिसते, पण फिरत नसते. टेबलामागे एक मुलगा किंवा मुलगी रडवेल्या चेहऱ्याने सांगत असते, "काल घरी मस्त फिरत होती हो!" ती खोटं बोलत नाही. या मोटरचं दुखणंच असं आहे की ती काल फिरते आणि आज फिरत नाही.

अशा वेळी घरातली मोठी माणसं जे करतात त्याचा क्रम ठरलेला असतो. आधी नवा सेल आणतात. मग जास्त ताकदीचं चुंबक. तरी फिरली नाही की कोणीतरी नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी पुढे करतं. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. सेल आणि चुंबक यांच्याकडे सगळ्यात शेवटी वळावं, कारण दोष बहुतेक वेळा तार जिथे पिनेवर टेकते त्या दोन मिलिमीटरमध्ये असतो.

असं का, ते थोडं आकडे मांडून बघू. २२ गेजची (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा क्रमांक, आकडा मोठा तर तार बारीक) तार सुमारे ०.७१ मिलिमीटर जाडीची असते. मोठ्या सेलभोवती तिचे दहा वेढे घेतले की साधारण एक मीटर तार लागते, आणि तेवढ्या तांब्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, भरतो ०.०४ ओहमच्या आसपास. म्हणजे नसल्यासारखाच. सेल जवळजवळ शॉर्ट झालेला असतो, भरपूर प्रवाह वाहतो, म्हणून तर दीड व्होल्टवर एवढी जड कॉइल गरगर फिरते. आता पिन काळवंडली आणि तिथे एका ओहमचा रोध आला असं धरा. एक ओहम ऐकायला काहीच वाटत नाही, पण तो आपल्या कॉइलच्या पंचवीस पट आहे. दीड व्होल्टच्या वाटेत एक ओहम आला की प्रवाह दीड अँपिअरच्या वर जाऊच शकत नाही. सेल नवा असो की जुना.

आधी बोटांनी विचारा

मल्टिमीटर असेल तर चांगलंच, पण या मोटरसाठी त्याहून चांगलं यंत्र तुमच्या हाताला आहे. कॉइल जागेवर बसवा, चुंबक खाली ठेवा आणि एका बोटाने कॉइल अगदी सावकाश एक पूर्ण चक्कर फिरवा. बोटाला काय जाणवतं तिकडे लक्ष द्या.

मोटर ठीक असेल तर अर्ध्या चकरेत कॉइल बोटाला एका बाजूला ढकलते आणि उरलेल्या अर्ध्या चकरेत मोकळी, निर्जीव लागते. हेच हवं आहे.

पूर्ण चकरेत कुठेच ढकल जाणवत नाही आणि सेलही थंड आहे, तर वीज कॉइलपर्यंत पोचतच नाही. संपर्क तपासा.

अर्ध्या चकरेत एका दिशेला ढकलते आणि उरलेल्या अर्ध्यात उलट दिशेला, तर इनॅमल दोन्ही टोकांवरून चहूबाजूंनी निघालंय. अशी कॉइल सोडून दिली की थरथरते, डुलते आणि एका जागी अडून बसते. लोक याला "जोर कमी पडतोय" म्हणतात. जोर पुरेसा आहे, फक्त तो स्वतःच्याच विरुद्ध लागतोय.

ढकल जाणवत नाही पण सेल तापतोय, तर वीज भलत्या वाटेने जातेय. दोन पिना एकमेकींना कुठे टेकल्या आहेत का ते बघा. चकचकीत न्योडिमियम चुंबकावर निकेलचा मुलामा असतो आणि त्यातून वीज वाहते, त्यामुळे ते सरकून दोन्ही पिनांना चिकटलं तरी हेच होतं.

ही परीक्षा पटकन उरका. अडवून धरलेल्या कॉइलमधून प्रवाह सतत वाहतो आणि सेल, पिना, तार तिन्ही तापतात. पाच-सात सेकंदांत कळायचं ते कळतं.

काळी पडलेली टोकं

आता कालच्या आणि आजच्या फरकाकडे. खोलीतला दिवा मालवून मोटर चालवा. पिनेच्या भोकात बारीक ठिणग्या दिसतील. प्रत्येक चकरेत तारेचा उघडा भाग पिनेवरून सुटतो, प्रवाह तुटतो, आणि कॉइलमधला प्रवाह असा अचानक तुटायला राजी नसतो म्हणून फटीत ठिणगी पडते. प्रत्येक ठिणगी तांब्याचा आणि पिनेचा कणभर पृष्ठभाग जाळते. त्याचं ऑक्साइड बनतं, शिवाय कडेचं इनॅमल किंचित करपून त्यात मिसळतं. काळा, चिवट, वीज न वाहू देणारा थर. मोटर काल जितकी छान फिरली असेल तितका तो जाड.

त्यात पावसाळा असेल, किंवा तुम्ही कोकणात, मुंबईत, गोव्यात राहत असाल, तर पिनेवरचा मुलामा जिथे ठिणग्यांनी उडालाय तिथे रात्रीत गंज धरतो. सकाळी मोटर जशीच्या तशी दिसते आणि फिरत मात्र नाही.

उपाय अगदी साधा आहे, पण तो नीट करावा लागतो. तारेची उघडी बाजू बारीक पॉलिश पेपरने तांबूस चमकेपर्यंत घासा. घासताना बाजू चुकू देऊ नका, नाहीतर शिल्लक ठेवलेलं इनॅमलही निघून जाईल. पिनेचं काम जरा अवघड, कारण तार भोकाच्या आतल्या खालच्या कडेवर टेकते आणि सपाट कागद तिथे पोचत नाही. पॉलिश पेपरची अरुंद पट्टी कापून तिची घट्ट सुरळी करा आणि भोकातून चारदोन वेळा ओढा. खरं सांगायचं तर मी पिनच बदलतो. पिनांच्या पाकिटात पुष्कळ पिना असतात.

रंगीत किंवा सोनेरी पिना मात्र टाळा. त्यांच्यावर अनेकदा लॅकरचा पारदर्शक थर असतो. पिनांऐवजी कागदाच्या क्लिपा वापरत असाल तर त्या साध्या धातूच्याच असाव्यात. लाल-निळ्या क्लिपांवर प्लास्टिक चढवलेलं असतं आणि अशा क्लिपा लावून मोटर का फिरत नाही म्हणून डोकं धरून बसलेली मंडळी काही कमी नाहीत.

पिन आणि सेल यांच्यामधला सांधा हाही संपर्कच आहे. चिकटपट्टीने पिना लावल्या असतील तर पट्टीचा गोंद पिनेखाली शिरतो, मोटर चालू असताना तापून आणखी पसरतो, आणि दुसऱ्या दिवशी तिथे गोंदाची गादी असते. सायकलच्या ट्यूबची पट्टी इथे कशानेही हटत नाही, ती सतत दाबून धरते. पण रात्रभर ताणलेली राहिली तर तीही सैल पडते, आणि मग दोन वेढ्यांऐवजी तीन घ्यावे लागतात. वाण्याकडचं पातळ रबर बँड मात्र तापलेल्या पिनेजवळ टिकत नाही.

इनॅमल नेमकं कुठून काढायचं

सेलवर चालणाऱ्या खऱ्या मोटरमध्ये प्रवाहाची दिशा दर अर्ध्या चकरेला उलटवण्याची सोय असते. आपल्याकडे ती नाही. आपण फक्त एवढंच करतो की ज्या अर्ध्या चकरेत ढकल योग्य दिशेला असते तेव्हा वीज सुरू ठेवायची आणि उरलेल्या अर्ध्यात बंद. त्या अर्ध्यात कॉइल मिळालेल्या गतीवरच पुढे जाते. तारेच्या अर्ध्या अंगाला इनॅमल ठेवायचं ते यासाठी.

बहुतेक सूचनांत "अर्ध्या बाजूचं इनॅमल काढा" एवढंच असतं. कोणती अर्धी बाजू, ते नसतं, आणि सगळं तिथेच अडतं. चुंबक कॉइलच्या खाली असेल तर सगळ्यात जास्त ढकल कॉइल उभी असताना लागते. म्हणून कॉइल टेबलाच्या कडेशी उभी धरा, तिचं टोक टेबलावर आडवं टेकवा आणि वरच्या अर्ध्या अंगाचंच इनॅमल ब्लेडने किंवा पॉलिश पेपरने काढा. कॉइल आडवी ठेवून घासलं तर वीज नेमकी चुकीच्या वेळी सुरू-बंद होते. ढकल लागते, पण अर्धी पुढे आणि अर्धी मागे. मोटर जिवंत वाटते आणि चालत मात्र नाही. अशी कॉइल फेकायची गरज नाही. बारीक पकडीने ते टोक धरून पाव वळण पिळा, उघडी बाजू जागेवर येते.

यातलीच एक गोची आहे. चुंबक खालून काढून कॉइलच्या बाजूला उभं केलं, तर हाच हिशोब पाव चकरेने बदलतो. कॉइल आडवी असताना ढकल जास्तीत जास्त लागते, आणि खालच्या चुंबकासाठी बरोबर घासलेली कॉइल बाजूच्या चुंबकापुढे ढिम्म राहते. मोठं चुंबक मिळालं म्हणून जागा बदलली आणि मोटर बंद पडली, असं झालं तर चुंबकाला दोष देऊ नका.

दोन्ही टोकं अर्धी-अर्धी घासायची असतील तर दोन्हींची उघडी बाजू एकाच दिशेला यावी लागते. ती मुलांना, आणि मोठ्यांनाही, जमत नाही. एक टोक थोडं फिरलेलं असतं आणि दोघांची उघडी बाजू एकाच वेळी खाली येण्याचा काळ आखूड होतो. म्हणून एक टोक चहूबाजूंनी पूर्ण घासा आणि दुसरं तेवढं अर्धं. वीज दोन्ही टोकांतून जाते, तेव्हा एका ठिकाणी तोडली तरी पुरते. काही जण तीन बाजू घासून एकच बाजू ठेवतात. त्यानेही फिरते, पण त्यात थोडा वेळ उलटी ढकल लागत राहते, त्यामुळे जोर कमी मिळतो.

जास्त घासलं गेलं तर घरात नेलपॉलिश असतंच. अर्ध्या अंगाला पातळ हात द्या, पूर्ण वाळू द्या, झालं इनॅमल. याच युक्तीने प्लास्टिकचं आवरण असलेली एकेरी तांब्याची वायरही चालवता येते. टोकं पूर्ण सोलायची आणि एका टोकाच्या अर्ध्या बाजूला नेलपॉलिश लावायचं.

काडीपेटीने टोक जाळून इनॅमल काढू नका. ते चारी बाजूंनी जळतं, काजळी मागे राहते आणि तापलेलं तांबं मऊ पडतं. मऊ टोक दोनदा हात लागला की वाकतं.

तार तांब्याचीच आहे ना?

ही शंका हल्ली घ्यावी लागते. जुन्या पंख्याच्या किंवा स्टॅबिलायझरच्या वायंडिंगमधून काढलेली तार पुष्कळदा ॲल्युमिनियमची निघते, आणि इनॅमलच्या रंगामुळे ती हुबेहूब तांब्यासारखी दिसते. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियमही मिळतं. ब्लेडने जरा खोल खरवडा. आत लालसर दिसलं तर तांबं, पांढरट दिसलं तर ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियम घासल्याबरोबर हवेत पुन्हा ऑक्साइडचा थर धरतं आणि त्या थरातून वीज जात नाही, त्यामुळे अशी मोटर लागली तर लागते आणि बंद पडली की का पडली ते कळत नाही. तिच्यामागे वेळ घालवू नका.

गल्लीतल्या मोटर रिवायंडिंगच्या दुकानात जाऊन २२ ते २४ गेजची दोन मीटर तार मागा. शाळेसाठी हवी म्हटलं तर पुष्कळदा तुकडा तसाच देतात. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला ती विकत मिळते. २८ गेजपेक्षा बारीक तार घेऊ नका. बारीक तारेची कॉइल हलकी होते हे खरं, पण तिची टोकं स्वतःचा आकार धरत नाहीत आणि मोटर अडखळायला तेवढं कारण पुरतं.

फिरते, पण दहा-पंधरा चकरा मारून थांबते

इथे वीज ठीक आहे आणि दोष आकाराचा आहे. चुंबक काढून घ्या, पिन आणि सेल यांच्यामध्ये कागदाचा कपटा सरकवून वीज तोडा, आणि कॉइलला टिचकी द्या. ती कुठे थांबते ते बघा. पुन्हा टिचकी, पुन्हा बघा. दर वेळी तीच बाजू खाली येत असेल तर ती बाजू जड आहे. दोन टोकं कॉइलच्या बरोबर समोरासमोरून, एका रेषेत बाहेर पडत नाहीत असा त्याचा अर्थ. कॉइल डोळ्यासमोर धरून एका टोकाकडून दुसऱ्याकडे बघा, बैलगाडीचा आस वाकडा असला की जशी गाडी हेलकावते तसंच इथे होतं, फरक एवढाच की हे पकडीने दोन मिनिटांत सरळ होतं. टोक कॉइलभोवती गुंडाळून गाठ मारली असेल तर ती गाठ दोन्हीकडे सारख्याच वेढ्यांची ठेवा.

दुसरं कारण पटकन ध्यानात येत नाही. एक पिन किंचित खाली असेल तर फिरता फिरता कॉइल त्या बाजूला सरकत जाते आणि शेवटी पिनेला घासून थांबते. पिनांची उंची सारखी करा. तरी सरकत असेल तर वायरच्या प्लास्टिक आवरणाचा तांदळाएवढा तुकडा दोन्ही टोकांवर ओवून ठेवा, तो अडसर होतो.

आणि कॉइल चुंबकाला घासत नाही ना, तेही बघा. खालची कड आणि चुंबक यांत तीन ते पाच मिलिमीटर अंतर पुरे. याहून जास्त ठेवलं तर जोर झपाट्याने घटतो.

चुंबक

फ्रिजवर चिकटवायची पातळ, वाकणारी चुंबकं इथे निरुपयोगी आहेत. त्यांत उत्तर-दक्षिण ध्रुवांचे अरुंद पट्टे शेजारी शेजारी असतात, त्यामुळे ती दाराला घट्ट चिकटतात पण दोन-चार मिलिमीटरवर त्यांचा प्रभाव जवळजवळ संपतो. जुन्या हार्ड डिस्कमधलं चुंबक भलतं ताकदवान असतं, पण त्याच्या एकाच तोंडावर दोन्ही ध्रुव असतात. कॉइलच्या एका बाजूखाली एक आणि दुसरीखाली दुसरा आला की हिशोब चुकतो. स्पीकरचं काळं कड्याचं चुंबक चालतं, मात्र त्याच्या लोखंडी चकत्या काढाव्या लागतात, कारण स्पीकरमध्ये त्या चुंबकाचं सगळं बळ आतल्या फटीत वळवतात. न्योडिमियमचं दहा-बारा मिलिमीटर व्यासाचं एक बटण या सगळ्यांना भारी आहे.

लहान मुलं घरात असतील तर ती बटणं मोजून ठेवा. दोन चुंबकं गिळली गेली तर ती आतड्याच्या दोन भागांतून एकमेकांना चिकटतात आणि मामला शस्त्रक्रियेपर्यंत जाऊ शकतो.

सेल, शेवटी

इतकं सगळं तपासून झालं आणि तरी कॉइल मरगळलेली असेल, तर आता सेल बदला. मल्टिमीटरने नुसता मोजलेला सेल दीड व्होल्ट दाखवेल, त्यावर विसंबू नका. कॉइल पिनांमध्ये अडवून धरा आणि तेव्हा सेलच्या दोन टोकांवर मोजा. काटा धपकन खाली आला तर सेल दमलाय. घड्याळासाठीचे साधे पेन्सिल सेल या कामाला कच्चे पडतात, त्यांना इतका प्रवाह देता येत नाही. टॉर्चचा मोठा सेल घ्या, तोही अल्कलाइन मिळाला तर उत्तम.

नऊ व्होल्टच्या बॅटरीत सहा बारीक सेल एकामागोमाग जोडलेले असतात. व्होल्टचा आकडा मोठा असला तरी या मोटरला हवा असतो प्रवाह, आणि तो त्या बारीक सेलांना पेलत नाही. ती तापते आणि थोड्याच वेळात संपते. मोबाइलचा चार्जर किंवा पॉवर बँक जोडली तर शॉर्ट समजून ते बहुधा स्वतःच बंद पडतात, आणि न पडणाऱ्यांवर प्रयोग करू नये. मोबाइलचा, लॅपटॉपचा किंवा ई-सिगारेटचा लिथियम सेल इथे कधीही वापरायचा नाही. तो शॉर्ट केला तर पेट घेऊ शकतो. भिंतीतल्या विजेचं तर नावच नको.

प्रदर्शनाच्या दिवशी

मोटर रात्री जोडून ठेवू नका. कॉइल काढून ताठ पुठ्ठ्याच्या डबीत ठेवा, म्हणजे दप्तरात तिची टोकं वाकणार नाहीत. तयार कॉइल दोन, पिना सहा-आठ, पॉलिश पेपरचा तुकडा आणि एक नवा सेल सोबत असू द्या. टेबलावर पिन आणि सेल यांच्यामध्ये कागदाचा कपटा ठेवा. परीक्षक आले की ओढून काढायचा, गेले की पुन्हा सरकवायचा. याहून स्वस्त बटण नाही, आणि त्यामुळे टोकंही कमी काळवंडतात. कागद काढल्यावर कॉइल आपणहून निघाली नाही तर घाबरायचं कारण नाही, इनॅमलची बाजू खाली असली की टिचकी द्यावीच लागते. एका दिशेला टिचकी देऊन ती उलटून परत येत असेल तर दुसऱ्या दिशेला द्या. ही मोटर एकाच दिशेची असते.

दिशेवरून परीक्षक हमखास प्रश्न विचारतात. दहावीला फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम असतो, त्यामुळे पहिली दोन उत्तरं मुलांना येतात. सेल उलटा केला तर मोटर उलटी फिरते. चुंबक उलटं केलं तरीही उलटी, आणि दोन्ही उलटे केले तर पूर्वीसारखीच. तिसरा प्रश्न असा की कॉइल उचलून तिची डावी बाजू उजवीकडे आणि उजवी डावीकडे ठेवली तर? बहुतेक जण उलटी फिरेल असं सांगून मोकळे होतात. ती फिरते पूर्वीच्याच दिशेला, कारण कॉइल वळवल्याने तिच्यातला प्रवाह तारेच्या हिशोबाने उलटा झाला तरी कॉइलचं तोंडही तेवढंच फिरलेलं असतं, आणि समोरून बघणाऱ्याला प्रवाहाचं वळण तेच दिसतं.